पर्यावरणीय आरोग्यात काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की रसायनशास्त्रात बीएस्सी झालीय, घर गुहागर तालुक्यात आहे, पर्यावरण आणि लोकांचं आरोग्य या दोन्हीशी संबंध येईल असं काम करायचंय. तर कोणता कोर्स करावा आणि मुंबई-पुणे गाठावंच लागेल का?

मी कोकणातच पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. पदवीसाठी बाहेर जावं लागेल, पण काम शिकायला जावं लागणार नाही. चिपळूणपासून दोडामार्गापर्यंतच्या पट्ट्यात दूषित पाण्याचे आजार, शेतातला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), जंगलातला माकडताप, रासायनिक कारखाने आणि आंब्यावरची फवारणी हे सगळं आहे. शहरातल्या वर्गात बसून हे दिसत नाही.

माझं ऐकाल तर सुरुवात पाण्यापासून करा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकर लागतो. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, नद्या आखूड, त्यामुळे पाणी थांबत नाही. जांभ्याचा हाच गुण आरोग्याच्या मुळावर येतो. झिरपणारं पाणी गाळलं जायला पुरेसा वेळ मिळत नाही, म्हणून विहिरीच्या वरच्या अंगाला शौचालयाचा खड्डा किंवा गोठ्याची गायरी (शेणाचा खड्डा) असली की तिचा अंश खाली उतरतो. मेमध्ये अख्खी वाडी एका झऱ्यावर येते आणि जूनच्या पहिल्या सरी उन्हाळाभर साठलेली घाण त्याच झऱ्यात आणून सोडतात. गॅस्ट्रोची साथ बहुतेकदा त्याच सुमारास लागते. म्हणून विहीर बघायला गेलात की आधी विहिरीत डोकावू नका, वरच्या अंगाला चढून काय आहे ते बघून या.

मग टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. तीच गोणी तोंड उघडं ठेवून पावसाळी दमट हवेत पडून राहिली की क्लोरीन उडून जातो. मापाप्रमाणे पावडर टाकली, रजिस्टरला नोंद झाली, आणि पाणी होतं तसंच राहिलं, असं घडू शकतं. पाणी गढूळ असेल तर त्यातला गाळच बराचसा क्लोरीन खातो. म्हणून पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबून ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन घालून उरलेला क्लोरीन मोजायची चाचणी) घ्यायची आणि लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलाय का ते पाहायचं. टाकीपाशी नव्हे, नळाच्या शेवटच्या घरी. आजार शेवटच्या घरात आधी पोचतो.

नमुना घेणं हे तर स्वतंत्र कौशल्य आहे. जंतूंसाठीची बाटली निर्जंतुक हवी, नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवा, आणि क्लोरीन टाकलेलं पाणी असेल तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवं. ते नसेल तर उरलेला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि घाण पाण्याचा अहवाल 'पिण्यास योग्य' असा येतो. १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) सापडता कामा नये हा नियम पाठ असणारे पुष्कळ भेटतात. बाटली नीट भरणारे कमी भेटतात, आणि तुमचं रसायनशास्त्र इथेच उपयोगी पडेल.

दुसरं कौशल्य माणसांशी बोलण्याचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. त्यानंतर विहिरी उपसणं, गाळ काढणं, जास्त मात्रेत टीसीएल टाकणं, पुन्हा नमुने घेणं ही कामं करावी लागली. कोणत्या वाडीत ताप वाढलाय हे आमच्या अहवालाच्या आधी आशाताईंना माहीत असायचं. आशाताई आणि आरोग्य सेवक यांच्याबरोबर हिंडल्याशिवाय या क्षेत्रात कुणाला काही कळेल असं मला वाटत नाही.

लेप्टोचं उदाहरण घ्या. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि जखमेतून, भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. गमबूट घाला हा सल्ला बरोबर आहे, पण लावणीच्या चिखलात गमबूट रुततो आणि दिवसभर वाकून भाताची रोपं लावणारी बाई तो घालू शकत नाही. मग जखम झाकणं, डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वेळेवर पोचवणं, ताप आल्यावर घरी न काढणं यावर भर द्यावा लागतो. माकडतापाचंही तसंच. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात तो आला, गोचिडींमधून पसरतो, आणि त्याचा हंगाम नेमका काजू गोळा करण्याच्या दिवसांत येतो. पोटापाण्यासाठी रानात जाणाऱ्याला 'जाऊ नका' सांगून भागत नाही.

कारखान्यांच्या बाजूला जायचं असेल तर कायदा शिका. तुमच्या उत्तरेला दाभोळची खाडी आहे आणि वर खेड तालुक्यात लोटे परशुरामची रासायनिक वसाहत. खाडीत मासे मेले की सगळे बाटल्या भरून घेतात, पण कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे नोटीस देऊन, दोन भागांत करून, सील व सह्या करून घेतला नसेल तर न्यायालयात त्याला पुरावा म्हणून किंमत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याचं हे काम आहे. मंडळाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. कारखान्याच्या आत राहून कामगारांचं आरोग्य सांभाळायचं असेल तर राज्य तंत्रशिक्षण मंडळाची औद्योगिक सुरक्षेची पदविका आहे; पात्रतेच्या अटी आधी वाचा. आंब्याच्या बागांत फवारणी करणाऱ्या मजुरांकडे, त्यात नेपाळहून आलेले कितीतरी, फारसं कुणी बघत नाही. तिथे काम करायला कुणी आलं तर मला मनापासून आनंद होईल.

कोर्सचं थोडक्यात सांगते. लवकर नोकरी हवी असेल तर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेची स्वच्छता निरीक्षकाची पदविका. नगरपालिकांत ती चालते. वर जायचं असेल तर सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी: मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था, कोलकात्यात १९३२ पासूनची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था. मी असते तर आधी वर्षभर काम केलं असतं आणि मग अर्ज केला असता, कारण साथरोगशास्त्रातली आकडेमोड आजारी माणसं पाहिल्यावर वेगळी कळते. एक स्पष्ट सांगते, सुरुवातीच्या पुष्कळ जागा कंत्राटी असतात आणि पगार बेताचा असतो. घरी हे आधीच बोलून घ्या.

आणि कोर्सची वाट न बघता या आठवड्यात ग्रामपंचायतीत जा. पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण पावसाळ्याआधी आणि नंतर होतं, त्यावरून लाल (जास्त धोका), पिवळं (मध्यम) किंवा हिरवं (कमी) कार्ड मिळतं. तुमच्या गावाला कोणतं मिळालंय आणि कशामुळे, ते विचारा. टीसीएलची गोणी कधीची आहे आणि कुठे ठेवलीय ते बघा. जलसुरक्षकाबरोबर (गावाच्या पाण्याची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर) एकदा सगळ्या विहिरी फिरा आणि प्रत्येकीच्या वरच्या अंगाला काय आहे ते वहीत उतरवून ठेवा. अर्जाबरोबर ही वही न्या.