घशाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमधल्या पी१६ आणि सीपीएसचा अर्थ काय?

वडिलांच्या रिपोर्टमध्ये ‘पी१६ पॉझिटिव्ह, पीडी-एल१ सीपीएस १५’ आहे, तर उपचार कमी लागतील का आणि जीन टेस्टिंग करावं का, असं तुम्ही विचारलंय. आधी गाठीची नेमकी जागा बघा. टॉन्सिल किंवा जिभेचं मूळ, म्हणजे ऑरोफॅरिंक्स असेल तरच पी१६ला वजन आहे. स्वरयंत्राच्या गाठीत ते पॉझिटिव्ह आलं तरी ना स्टेज बदलते ना उपचार.

पी१६ हे पेशीतलं एक प्रथिन. ते तपासणं म्हणजे घशाचा कॅन्सर घडवू शकणाऱ्या एचपीव्ही विषाणूची थेट चाचणी नाही. विषाणूचं ई७ प्रथिन पेशीची वाढ आवरणारं आरबी प्रथिन निकामी करतं, म्हणून पी१६ वाढतं, आणि स्लाइडवर दिसते ती ही वाढ. किमान ७० टक्के कॅन्सरपेशींत, केंद्रक आणि पेशीद्रव दोन्हींत, मध्यम ते गडद रंग हवा. नुसतं ‘फोकल पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल तर टक्केवारी मागाच. काही रुग्णांत पी१६ पॉझिटिव्ह असूनही विषाणू सापडत नाही, आणि त्यांचं भवितव्य तितकं चांगलं नसतं. वडील बरीच वर्षं धूम्रपान करत असतील तर त्याच ब्लॉकवर (मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यावर) एचपीव्ही डीएनए पीसीआर किंवा ई६/ई७ आरएनए चाचणी करून घ्या.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात स्टेज ३-४च्या ऑरोफॅरिंक्स रुग्णांपैकी एचपीव्ही पॉझिटिव्ह गटात तीन वर्षांनी ८२ टक्के हयात होते, निगेटिव्ह गटात ५७. फरक मोठा आहे, पण म्हणून उपचार कमी करू नका, हे मी कळकळीने सांगतो. रेडिएशनसोबतच्या सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाऐवजी सौम्य वाटणारं सेटुक्सिमॅब (कॅन्सरपेशीवरचं ईजीएफआर प्रथिन अडवणारं औषध) देऊन पाहिलं तेव्हा दोन चाचण्यांत जगण्याचं प्रमाण घटलं.

पीडी-एल१ हे रोगप्रतिकारक पेशींना थोपवणारं प्रथिन. सीपीएस म्हणजे ते दिसणाऱ्या कॅन्सरपेशी आणि लिम्फोसाइट व मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी यांची बेरीज, भागिले एकूण जिवंत कॅन्सरपेशी, गुणिले १००. नमुन्यात अशा किमान १०० पेशी नसतील तर आकडा ग्राह्य नाही. आजार उलटला किंवा पसरला असेल तर १ किंवा जास्त सीपीएसला पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध एकटं देता येतं, २०च्या पुढे फायदा अधिक. गाठ भराभर वाढत असेल तर सोबत केमो लागते. ऑपरेशन ठरलं असेल तर त्याच्या आधी-नंतर हे औषध द्यायचं का, हेही विचारा, कारण तिथेही आता सीपीएस बघतात.

मोठं जीन पॅनेल सध्या नको. टीपी५३ हे जीन बिघडलेलं बऱ्याचदा सापडतं, पण त्यावर नेहमीच्या वापरातलं औषध नाही. ईजीएफआरचं स्टेनिंगही सेटुक्सिमॅब लागू पडेल का ते सांगत नाही. मात्र ५-एफयू हे केमोचं औषध देणार असतील तर आधी डीपीवायडी हे जीन तपासा. त्या जीनमध्ये दोष असेल तर नेहमीचा डोसही जिवावर बेतू शकतो.