क्वीन ऑफ वाँड्स (काठ्यांची राणी) या भविष्यकथनाच्या टॅरो पत्त्यातील काळे मांजर अशुभ मानावे का?

नाही, आडव्या जाणाऱ्या मांजराची आपली भीती या पत्त्याला चिकटवू नये. पामेला कोलमन स्मिथ यांनी ए. ई. वेट यांच्या १९०९ च्या रायडर-वेट या टॅरो संचासाठी काढलेल्या या चित्रात राणीच्या एका हातात पालवी फुटलेली काठी, दुसऱ्या हातात सूर्यफूल आणि सिंहासनावर सिंह असा काठ्यांच्या गटाशी जोडलेल्या अग्नितत्त्वाचा सारा थाट मांडलेला असताना, पायाशी मात्र ते मांजर थेट आपल्याकडे पाहत बसलेले आहे. दोन्ही प्राणी एकाच कुळातले असल्याने, सिंह म्हणजे तिचे चारचौघांतील तेज आणि मांजर म्हणजे तिने कोणाला सहसा न दाखवलेली अंतःप्रेरणा, हा अर्थ मला अधिक पटतो. पत्ता उलटा आल्यास मात्र वेट यांनी मत्सर आणि फसवणूक हेही अर्थ दिले आहेत.