दाताच्या ट्रीटमेंटसाठी दुसरीतल्या मुलीची शाळा बुडवावी का?

तुम्ही विचारलंय की मुलगी दुसरीत आहे, दोन दाढा किडल्यात, डेंटिस्टनी चार वेळा बोलावलंय आणि सगळ्या वेळा सकाळच्या, तर शाळा बुडवायची की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबायचं, आणि शाळेतल्या नर्सला याबद्दल काय वाटतं. मी पुण्यात एका शाळेत नर्स आहे, अकरा वर्षं झाली, म्हणून लिहितेय. थांबू नका, बुडू दे शाळा.

तुम्हाला हजेरीतले चार दिवस दिसतायत, मला सिक रूममधून वेगळंच दिसतं. दाढ दुखणारं मूल घरी बसत नाही हो, ते शाळेत येतं, हजेरी लागते आणि दुसऱ्या तासाला माझ्यासमोर उभं असतं, "सिस्टर, पोट दुखतंय." पोट दुखतंय कारण सकाळपासून काही खाल्लेलं नाही, खाल्लं नाही कारण चावता येत नाही, आणि रात्रीची झोप पण नाही कारण आडवं झालं की ठणका वाढतो. मागच्या वर्षी तिसरीतला एक मुलगा जवळजवळ महिनाभर असा येत होता. क्लास टीचरचं म्हणणं लक्षच नसतं त्याचं, आईला वाटायचं शाळेचा कंटाळा करतोय. एक दिवस त्याला डबा घेऊन माझ्याजवळच बसवलं तर पोळीचा मधला मऊ भाग तेवढा खायचा, कडा सगळ्या तशाच, आणि चावणं एकाच बाजूनं. टॉर्च मारून बघितलं तर खालची दाढ आतून पार पोकळ. त्या महिन्यात त्याची हजेरी पूर्ण होती!

आता "दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत" हे मी दर आठवड्याला ऐकते. पुढचे दात सहा-सात वर्षांचे झाले की पडायला लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, म्हणजे तुमच्या मुलीला त्यांच्यावर अजून तीन ते पाच वर्षं जेवायचंय. वेळेआधी काढाव्या लागल्या तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही. आणि अजून एक, सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक दाढ येते, तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते, पण ती कायमची असते. डेंटिस्टना स्पष्ट विचारा किडलेल्या दोनपैकी एखादी ती आहे का.

सुट्टीपर्यंत थांबण्यात अजून एक घोळ होतो. दुखणं मधेच आपोआप थांबतं आणि पालक अपॉइंटमेंट कॅन्सल करतात. खूपदा त्याचा अर्थ आतली नस मेलीय एवढाच असतो, कीड तिथेच असते आणि पुढे हिरडीवर पू येतो. आज जे सिमेंट भरून एका बैठकीत होतंय त्याचं मग रूट कॅनॉल आणि कॅप होतं, म्हणजे शाळा जास्तच बुडते.

पहिली ते पाचवीला वर्षाचे कमीत कमी 200 दिवस शाळा भरावी असा शिक्षण हक्क कायदा आहे, त्यातल्या चार सकाळी गेल्या तर काही बिघडत नाही. सकाळची वेळ दिलीय ती पण बरोबरच आहे, लहान मुलं सकाळी ताजी असतात, खुर्चीत नीट बसतात, संध्याकाळी दमलेली असली की रडारड. फक्त इंजेक्शन दिलं असेल तर लगेच शाळेत सोडू नका, ओठ-गाल दोन-तीन तास बधिर असतात आणि डबा खाताना मुलं स्वतःचाच ओठ चावून ठेवतात, मी रक्ताळलेले ओठ घेऊन आलेली मुलं बघितलीयत. बधिरपणा गेला, काहीतरी मऊ खाल्लं, मग खुशाल पाठवा.

तारांचं मात्र वेगळं. मोठ्या मुलांना दर महिना-दीड महिन्यानं तार घट्ट करायला जावं लागतं, ते ठरवून असतं, त्यासाठी शनिवार किंवा शाळा सुटल्यावरची वेळ मागा. आणि गालावर सूज आणि ताप असेल तर परीक्षा असली तरी त्याच दिवशी डॉक्टर.

खरं सांगायचं तर मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच मुलांची. इथे यायच्या आधी मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीममध्ये होते, 2013 मध्ये हा कार्यक्रम पालघरमधून सुरू झाला, आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये जाऊन मुलं तपासायचो. किडके दात दिसले की चिठ्ठी लिहून द्यायची, आणि पुढच्या वर्षी तेच मूल, तीच दाढ, अजून खराब. चिठ्ठी घरात असायची. पण तालुक्याला जायचं म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचं भाडं वेगळं, आणि एका फेरीत काम होईलच असं नाही. न्यूझीलंडनं 1921 पासून दातांवर उपचार करणाऱ्या नर्स ट्रेन करून शाळांमध्येच नेमल्या होत्या. आपल्याकडे तपासणी तरी वर्गापर्यंत पोचली, उपचार पण पोचायला हवेत असं मला फार मनापासून वाटतं.

तुम्ही एवढंच करा, चारही तारखा आत्ताच डायरीत लिहून क्लास टीचर आणि शाळेत नर्स असेल तर तिला कळवा, युनिट टेस्टची तारीख धडकत असेल तर तेवढी एक पुढे-मागे करून घ्या. आणि मधल्या काळात दाढेत लवंगेचं तेल ओतू नका, हिरडी भाजते.