गढूळ वर्ट : ‘काय घालू?’च्या आधी ‘कशामुळे?’

घरी बिअर करणाऱ्यांच्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून येतो. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) गोड काढा, म्हणजे वर्ट, गढूळ दिसतोय. त्यात काय घालू? गढूळपणा मुख्यतः तीन गोष्टींनी येतो: न फुटलेला स्टार्च, उकळताना गोळा होणारी प्रथिनं आणि भरडलेल्या माल्टमधून वाहून आलेला चोथा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. कारण न शोधता पुड्या ओतल्या तर पैसे जातात आणि कधी कधी बॅचही जाते. म्हणून त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देत आहे.

वर्टला उकळी येताच फाटलेल्या दुधासारखे गोळे दिसायला लागले. फेकून देऊ का? (एडिसन, न्यू जर्सी)

नाही. प्रथिनं गोळा होत आहेत, आणि तेच व्हायला हवं. झाकण न ठेवता 60 मिनिटं खळखळून उकळा.

आजी गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, गावाकडे निवळीची बी उगाळायचे. वर्टला चालेल का? एका ग्रुपवर ‘चालतं’ असं वाचलं. (लेस्टर)

दोन्ही घालू नका. पाण्यातली माती खाली बसवणं वेगळं आणि वर्टमधली प्रथिनं पकडणं वेगळं. तुरटी हा ॲल्युमिनियमचा क्षार आहे. तिने वर्टचा पीएच उतरतो आणि चव तुरट होते. निवळी ही विषारी कुचल्याच्या कुळातली वनस्पती आहे. सुट्या मिळणाऱ्या बिया नक्की कशाच्या आहेत याची खात्री नसताना त्या पेयात घालायचा विचारही करू नये. ग्रुपवर लिहिणाऱ्याने ती बिअर स्वतः प्यायली का, एवढं तरी विचारा.

आम्ही शाकाहारी आहोत. जिलेटिनऐवजी चायना ग्रास चालेल का? (मेलबर्न)

चायना ग्रास नको. आयरिश मॉस वापरा. दोन्ही समुद्री शेवाळातूनच येतात, पण आयरिश मॉसमधल्या कॅराजीनानवर ऋणभार असतो आणि तो धनभारित प्रथिनांना धरून खाली बसवतो. चायना ग्रासमधला मुख्य घटक जवळजवळ भाररहित असतो. तो खीर घट्ट करील, वर्ट निवळवणार नाही.

20 लिटरला एक सपाट छोटा चमचा वाळलेलं आयरिश मॉस पाण्यात 15–20 मिनिटं भिजवा आणि उकळीची शेवटची 10 ते 15 मिनिटं उरली असताना घाला. पहिल्यापासून उकळलं तर त्याची ताकद जाते. जास्त घातलं तर तळाशी कापसासारखा फुगीर गाळ होतो आणि त्यात बराच वर्ट वाया जातो. जिलेटिन प्राण्यांचं, आयझिंग्लास माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचं. शिवाय ती दोन्ही तयार बिअरसाठी आहेत, वर्टसाठी नव्हेत. वर्ट निवळण्याच्या तयार गोळ्यांत आणखी काय मिसळलं आहे, ते उत्पादकाला लेखी विचारून घ्या.

20 लिटरच्या बॅचसाठी 4 किलो पेल माल्टमध्ये 1 किलो तांदळाची पिठी मिसळली आणि 66 अंशांवर तासभर ठेवली. वर्ट पेजेसारखा पांढरट झाला. दुकानदाराने आधी निवळण्याच्या गोळ्या दिल्या, मग फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) टाकायला एन्झाइमची पूड. आता काय करू? (फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया)

ती पूड अजून टाकली नसेल तर टाकू नका. याचं उत्तर लांब देतो, कारण सर्वांत जास्त बॅच इथेच बिघडतात.

उकड काढताना पिठी कोमट पाण्यात कालवून कुणी झाकून ठेवत नाही. उकळतं पाणी लागतं. वर्टलाही हेच लागू आहे. माल्टमधलं एन्झाइम स्टार्चची साखर करतं, पण आधी स्टार्चचा दाणा पाणी पिऊन फुगावा लागतो. बार्लीचा दाणा मॅशच्या, म्हणजे गरम पाण्यात भरडा भिजवण्याच्या, तापमानाला फुगतो. तांदळाच्या अनेक जातींचा मात्र 70 अंशांच्या पुढेच फुगतो. तुमची पिठी तासभर भिजत पडली आणि उकळी आल्यावर शिजली. तोवर एन्झाइम मेलं होतं. भांड्यात उरली ती पेज. आयरिश मॉसच्या गोळ्या प्रथिनांसाठी असतात, स्टार्चला त्या हातही लावत नाहीत. दुकानदाराने आधी एक प्रश्न विचारायला हवा होता: आयोडीनची चाचणी केली का?

ही चाचणी दोन मिनिटांची आहे. मॅशमधला चमचाभर वर्ट पांढऱ्या बशीत घ्या आणि पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना रंग उमटत नाही आणि फसगत होते. टिंक्चर आयोडीनचा एक थेंब कडेला टाका. तो पिवळट-तपकिरी राहिला तर स्टार्च संपला. निळा-काळा झाला तर शिल्लक आहे. टरफलाचा तुकडा बशीत आला तर तो काळा पडतोच, म्हणून फक्त पातळ भाग घ्या. नमुना भांड्यात परत ओतू नका.

रंग निळा आला तर मॅश 66 ते 68 अंशांवर आणखी 20–30 मिनिटं ठेवा, ढवळा, पुन्हा तपासा. तरीही निळाच राहिला तर थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात धरून पाहा. शून्याऐवजी चार दाखवत असेल तर तुमचे 66 हे खरे 62 आहेत. मॅशचा पीएच 5.2 ते 5.4 असावा. भरडा जाड असेल तर दाण्याच्या पोटातला स्टार्च कोरडाच राहतो; चक्कीच्या रुळांमधलं अंतर 0.9 ते 1 मिलिमीटर ठेवा.

पुढच्या वेळी पिठी भरपूर पाण्यात 20–30 मिनिटं पातळ पेजेसारखी शिजवा, 70 अंशांच्या खाली आणा आणि मग मॅशमध्ये मिसळा. एकूण धान्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊ नका. पोहे घेतलेत तर शिजवायची गरज नाही. करताना त्यांना आधीच ओल आणि उष्णता मिळालेली असते. चाचणी मात्र तेव्हाही करायचीच.

हातातली बॅच अजून यीस्टविना असेल तर एक उपाय उरतो. वर्ट 66 अंशांवर आणा, अर्धा किलो भरडलेलं पेल माल्ट पिशवीत बांधून 30–40 मिनिटं त्यात ठेवा, आयोडीन तपासा, पिशवी काढा आणि पुन्हा उकळा. हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) आधीच घातले असतील तर कडूपणा वाढेल.

फर्मेंटरमधल्या पुडीला माझा विरोध का? त्या पुड्यांत बहुधा ग्लुकोअमायलेज असतं. ते नुसता स्टार्च फोडून थांबत नाही, बिअरला अंग देणाऱ्या डेक्स्ट्रिनचीही साखर करतं आणि आठवडेच्या आठवडे करत राहतं. घाईने बाटल्या भरल्या तर आत वायू वाढत जातो आणि काच फुटते. स्टार्च शिल्लक राहिलेल्या बिअरमध्ये स्टार्च खाणारं जंगली यीस्ट शिरलं तरी परिणाम तोच. पूड आधीच टाकली असेल तर ग्रॅव्हिटी (बिअरची घनता) सलग काही दिवस हलत नाही हे पाहिल्याशिवाय बाटलीला हात लावू नका, आणि गावातल्या होमब्रू क्लबमधल्या अनुभवी माणसाला आकडे दाखवा.

पिशवी पद्धतीने, म्हणजे भरडा पिशवीत ठेवून, मॅश करतो. वर्ट नेहमीच धुरकट असतो. (लंडन)

असणारच. चाळणीवर भरड्याचा थर बसला की तोच गाळणीचं काम करतो. पिशवीत तो थर बसत नाही. आयोडीन ठीक असेल तर काळजी सोडा. उकळी थांबल्यावर एका दिशेने जोरात ढवळा, 15–20 मिनिटं स्थिर ठेवा, गाळ मधोमध ढिगासारखा जमेल. कडेने वर्ट काढा. थोडा गाळ फर्मेंटरमध्ये गेला तरी यीस्टला त्रास होत नाही. धान्य धुण्याचं पाणी 76 अंशांच्या वर नेऊ नका, नाहीतर टरफलातला तुरटपणा उतरतो. लंडनचं पाणी क्षारयुक्त आहे, त्यामुळे हा धोका तुम्हाला जास्त. पाणी कंपनीकडून अहवाल मागवा आणि तो जाणकाराला दाखवून मगच आम्ल घाला.

निवळण्याचं एक एन्झाइम टाकलं की बिअर ग्लुटेनमुक्त होते, असं विक्रेता म्हणाला. भावाला सिलिॲक (ग्लुटेन न सोसणारा आजार) आहे. (टोरंटो)

देऊ नका. ग्लुटेनचे तुकडे होणं म्हणजे ग्लुटेन नाहीसं होणं नव्हे. विक्रेत्याला धूसरपणा घालवायची वस्तू विकायची असते. आजाराचा निर्णय भावाच्या पोटविकारतज्ज्ञाचा.

पुण्यात फ्लॅटमध्ये थोडीशी करून पाहिली तर चालेल का? (पुणे)

नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. ‘थोडीशी’ ही सबब नाही. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही, अमेरिकेत 1978 च्या कायद्याने मुभा मिळाली. त्या सवलती तिथल्या. शंका असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाला किंवा वकिलाला विचारा.

उरलेला वर्ट यीस्टच्या स्टार्टरसाठी (यीस्ट आधी वाढवून घ्यायला) काचेच्या बरण्यांत गरम गरम भरून कपाटात ठेवला. तीन आठवड्यांनी एक बरणी गढूळ झाली, बाकीच्या स्वच्छ आहेत. त्या वापरू का? (शिकागो)

एकही नाही. उघडू नका, चाखू नका. वर्टचा पीएच 5 च्या वर असतो, झाकणाखाली हवा नसते आणि बोटुलिझमच्या जिवाणूचे बीजाणू 100 अंशांच्या उकळीत मरत नाहीत. 4.6 पेक्षा जास्त पीएच असलेल्या बंद बरणीत ते वाढू शकतात, आणि विष तयार झालेला वर्ट स्वच्छही दिसू शकतो. डोळ्यांवर विसंबू नका. बरण्यांची विल्हेवाट कशी लावायची ते काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला आजच विचारा. कुणी चाखलं असेल आणि धूसर दिसणं, जीभ जड होणं, गिळायला त्रास असं काही जाणवलं तर थेट इस्पितळ.

‘घरच्या कुकरमध्ये शिट्ट्या दिल्या’ हेही पुरत नाही. कॅनिंगच्या (बंद बरणीत पदार्थ टिकवण्याच्या) वेळा मोठ्या प्रेशर कॅनरसाठी ठरवलेल्या असतात. आपला छोटा कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो, त्यामुळे तोच हिशेब लागू पडत नाही. स्टार्टर ताजा करा: 1 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, 15 मिनिटं उकळी, थंड, यीस्ट. अर्ध्या तासाचं काम आहे.

मोठ्या भांड्यातला वर्ट झाकून रात्रभर ओट्यावर निवत ठेवतो. सकाळी गढूळ आणि उकडलेल्या कोबीसारखा वास. (ऑकलंड)

रात्रभर ठेवू नका. तांब्याच्या नळीचा चिलर घ्या आणि 20–30 मिनिटांत 20 अंशांपर्यंत आणा. झटपट थंड केलं की उरलेली प्रथिनं एकदम गोळा होऊन बसतात. हळूहळू निवलेल्या वर्टमध्ये ती तरंगत राहतात, कोबीचा वास धरतो आणि कोमट गोडव्यात जिवाणू पहिले जेवतात. नळाचं पाणी कोमट असेल तर शेवटची 10 मिनिटं चिलरमधून पंपाने बर्फाचं पाणी फिरवा. त्याच दिवशी यीस्ट घाला.

तयार बिअर फ्रीजमध्ये धुरकट होते, बाहेर ठेवली की स्वच्छ. (डब्लिन)

थंडीचा धुरकटपणा. बिअर ठीक आहे.