गळ टाकून नम्रता शिकता येते का? तापीकाठच्या बापलेकासाठी उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बास फिशिंगने आम्हाला नम्रता आणि कृतज्ञता शिकवली, असं अमेरिकेतले लोक सांगतात. तुम्ही भुसावळचे, मुलगा बारा वर्षांचा. दोघांना मिळून असं काही सुरू करायचं आहे, तर इथे ते जमेल का आणि सुरुवात कुठून करावी?

जमेल. फक्त बास विसरा. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. हतनूर, वाघूर, गिरणा, अनेर, कुठल्याच धरणात तो नाही. (हॉटेलात ‘सी बास’ म्हणून मिळतो तो जिताडा, त्याचा इथे संबंध नाही.) बासची जागा आपल्याकडे मरळ घेतो. तोही गवतात दबा धरून बसतो आणि वरून जाणाऱ्या बेडकावर तुटून पडतो. बाससाठी बनवलेले रबरी बेडूक मरळला जसेच्या तसे चालतात.

राहिला नम्रतेचा भाग. माझं मत असं की या छंदात ती भावना म्हणून येत नाही, कामं म्हणून येते. कामं नीट केली तर येते. नुसतं काठावर बसून सूर्योदय पाहिल्याने येत नाही.

पहिलं काम गळाचं नाहीच. धरणात मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून पाण्यात सोडते. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून बीज पुन्हा पुन्हा सोडावं लागतं. तुमच्या गळाला दोन किलोचा कटला लागला तर ती ‘निसर्गाची देणगी’ असेलच असं नाही. बहुधा तो कुणाच्या तरी पैशातून वाढलेला असतो. कृतज्ञ राहायचं तर ते असं पत्ता शोधून राहा. आधी गावात जा, संस्थेचे चेअरमन किंवा सचिव कोण ते विचारा आणि तीन गोष्टी ठरवून घ्या: गळाला परवानगी आहे का, काही रक्कम भरायची का, आणि जाळी कुठे लागलेली असतात. नाही म्हणाले तर नाही. हो म्हणाले आणि मासा घरी न्यायचा असेल, तर काठावरच्या भावाने पैसे द्या. नवापूर आणि अक्राणीकडे गेलात तर आणखी एक लक्षात असू द्या. तिथलं पाणी म्हणजे उकाई आणि सरदार सरोवराचा फुगवटा आहे. एकट्या सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली. तिथे काठावरच्या माणसाशी ‘छान स्पॉट आहे’ अशा सुरात बोलू नये.

भोई आणि कोळी मंडळी जाळी संध्याकाळी लावतात, पहाटे काढतात. पाण्यावर ओळीत तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले की खाली जाळं आहे असं समजा आणि तिथून लांब टाका. तरी गळ अडकलाच, तर ओढू नका. एक तिहेरी गळ जाळ्याचे दहा-बारा फास सहज फाडतो. तुमचा तंगूस कापा आणि चारशे-पाचशेचं आमिष गेलं असं समजा. जाळ्याचा मालक दिसला तर सांगा, म्हणजे काढताना त्याच्या हातात गळ घुसणार नाही.

आता मरळ. साडेसहा ते सात फुटांचा मीडियम-हेवी रॉड, २५०० किंवा ३००० आकाराचं स्पिनिंग रील, ३० ते ४० पौंड ताकदीची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. साधा तंगूस ताणला जातो, त्यामुळे गवतातून झटका दिला तरी जोर गळापर्यंत पोहोचत नाही. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की रीलमधून दोरी सोडणारा ब्रेक, अंदाजाने आवळू नका. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतक्या ओढीला रील सुटलं पाहिजे, आणि ते रॉडला स्प्रिंगचा काटा लावून तपासा.

काठावर पोहोचल्यावर दहा मिनिटं काहीच टाकू नका. मरळ हवेत श्वास घेतो, दर काही मिनिटांनी वर येऊन हवा गिळतो, तेव्हा पाण्यावर लहानसं वलय उठतं. दोन-तीन वलयं एकाच पट्ट्यात दिसली की त्यांच्या पलीकडे पाच-सहा फुटांवर बेडूक टाका आणि गवतावरून सरकवत आणा. बेडूक थेट वलयावर पडला तर मासा बुडी मारतो आणि बराच वेळ त्या जागी येत नाही.

इथून पुढे नव्वद टक्के लोकांचं बिघडतं. पाणी फुटतं, मोठा आवाज होतो, माणूस दचकून झटका देतो आणि बेडूक उडून अंगावर येतो. मग दोष गळाला, दुकानदाराला, माशाला. खरं कारण असं: रबरी बेडकाचे दोन्ही काटे पाठीला चिकटून असतात, म्हणून तो गवतात अडकत नाही. मासा जबडा मिटून रबर दाबतो तेव्हाच काटे उघडे पडतात, आणि जबडा मिटतो तो मासा बेडूक घेऊन खाली वळल्यावर. म्हणून आवाज ऐकून नाही, वजन जाणवल्यावर झटका द्यायचा. रॉडचं टोक खाली, सैल दोरी गुंडाळून घ्या, ओढ लागली की कमरेतून बाजूला खेचा. डोळे आणि कान एक सांगत असताना हाताचं ऐकायचं, एवढंच. पण हे अंगवळणी पडायला एक हंगाम जातो. तरीही सुटत असेल तर तीन गोष्टी बघा. बेडकाच्या पोटात पाणी शिरलंय का (पिळून काढा, नाहीतर तो बुडतो), काटे रबरात जास्त खोल रुतलेत का, आणि टोक नखावर ठेवल्यावर घसरतं का. घसरलं तर बोथट आहे, कानशीने धार लावा. जिवंत बेडूक मात्र गळाला लावू नका. मोठा बैलबेडूक वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि कुठलं पिल्लू कोणत्या जातीचं ते काठावर ओळखू येत नाही.

रोहू-कटल्यासाठी कणीक, भुईमुगाची पेंड आणि अतिपिकलेलं केळं मळून गोळा करतात. आपल्या भागात केळ्याला तोटा नाही. गोळा गळावरून सुटत असेल तर मळताना चिमूटभर कापूस पिंजून घाला, धागे पीठ धरून ठेवतात. एवढं पुरे, कार्पचं (रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांचं) तंत्र हा वेगळा विषय आहे.

रिकाम्या हाताने परतणं हे यातलं नेहमीचं आहे, त्यामुळे त्याची सोय आधीच करा. वही ठेवा. तारीख, वेळ, पाणी चढतंय की उतरतंय, हात कोपरापर्यंत बुडवल्यावर बोटं दिसतात का, वारा कुठून, आमिष कोणतं, काय झालं. लागलं नाही त्या दिवसाची नोंद अधिक सविस्तर लिहा. ‘मासाच नाही’ असं लिहायला मनाई ठेवा. त्याऐवजी स्वतःकडून चुकलेल्या दोन शक्यता लिहा. काही महिन्यांनी वही चाळली की कळतं, आपल्या हुशारीच्या खात्यात जमा केलेले बरेच मासे खरं तर पाण्याच्या पातळीचे होते. धरणातून पाणी सोडलं आणि पातळी उतरू लागली की काठच्या गवतातला मरळ आत सरकतो. गिरणेत आवर्तन आलं की डोहात कोंडलेला मासा पात्रभर पसरतो. काल ‘एक नंबर’ वाटणारी जागा आज ओस, आणि त्यात आपला काही हात नाही. काठावर कुणी ‘काय लागनं का भाऊ?’ विचारलं तर ‘काही नही’ म्हणा आणि काय काय करून पाहिलं तेही सांगा. खोटं सांगितलं तर पुढची माहिती मिळत नाही, कारण विचारणाऱ्याला ते पाणी तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

वजनाचंही तसंच. मासा जबड्याला आकडा लावून टांगू नका, ओल्या पिशवीत ठेवून काट्याला लावा आणि पिशवीचं वजन वजा करा. बासवाल्यांकडून हे मात्र जरूर घ्या. जॉर्ज पेरी याने २ जून १९३२ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे साधारण १०.०९ किलोचा बास पकडला. ७७ वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी, मानाबू कुरिता याने जपानच्या बिवा सरोवरात त्याहून सुमारे २७ ग्रॅम जड बास पकडला. पण जुना विक्रम मोडायला निदान २ औंस, म्हणजे ५७ ग्रॅमच्या आसपास, फरक लागतो. त्यामुळे दोघांचा विक्रम बरोबरीचा धरला जातो. आपल्याकडे ‘चार किलोचा असेल’ म्हणून सुटलेल्या माशाची गोष्ट सांगणाऱ्याने हे २७ ग्रॅम आठवावेत.

पेरीने तो मासा घरी नेला, कुटुंबाने खाल्ला. मंदीचा काळ होता. पकडून सोडण्याची पद्धत बासच्या स्पर्धांत नंतर आली. रे स्कॉट याने १९७२ मध्ये ती आपल्या स्पर्धांत आणली. तेव्हा ‘सोडणारा तोच खरा’ असा आव आपल्याकडेही नको. खायचा तेवढा ठेवा, एका घराला एक मरळ पुरतो. ठेवायचा तो लगेच मारा. दोरीला ओवून पाण्याखाली सोडलेल्या मरळला वर येऊन हवा घेता येत नाही, तो गुदमरून मरतो.

सोडायचा असेल तर घरूनच गळाचा उलटा काटा पकडीने दाबून या. हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. गळ जमेल तर पाण्यातच काढा. मासा उचलावा लागला तर एक हात पोटाखाली, आडवा. खडकावर ठेवूच नका, मे महिन्यात भुसावळचा खडक पायाला सोसत नाही तिथे माशाच्या कातडीचं काय होईल? गळ घशात खोल गेला असेल तर ओढू नका, गळाजवळ तंगूस कापून सोडा. रोहू-कटल्याशी उन्हाळ्यात लांबलचक झुंज देऊ नका. पाणी २० अंशांवर असतं तेव्हा लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, ३० अंशांवर साडेसातच. दमलेला मासा पोहत गेलेला दिसतो आणि नंतर मरतो. एप्रिल-मे हा त्यांच्यासाठी गळ टाकायचा काळच नव्हे. आटलेल्या डोहात तर कुणालाही मासा मिळतो, तिथे टाकू नका.

पावसाळ्यात मरळच्या बाबतीत एक नियम अगदी कडक पाळा. पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा पुंजका एकत्र हलताना दिसला तर खाली आईबाप राखण करत असतात. तिथे बेडूक टाकला तर झडप हमखास येते, कारण ते भुकेने नाही, पिल्लांसाठी येतात. राखणारा उचलला की पुंजका बाकीचे मासे संपवतात. सोपा मासा सोडून देणं जमलं तर बाकीचं आपोआप जमेल.

सोडणं सगळीकडे योग्यही नसतं. बिवा सरोवरात बास हा उपरा, स्थानिक मासे खाणारा. म्हणून तिथल्या शिगा प्रांताने २००३ पासून पकडलेला बास परत सोडायला बंदी घातली. आपल्याकडे थाई मांगूर (बाहेरून आलेला मिशीवाला मासा) लागला तर तोही परत सोडू नये. त्याच्या पालनावर भारतात बंदी आहे. एका पाण्यातला कुठलाही मासा दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडू नका, पुण्य म्हणूनही नाही. आणि तंगुसाचा प्रत्येक तुकडा गोळा करून घरी आणा. हतनूरला हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, त्यांच्या पायात तो अडकतो.

तुम्ही हतनूरच्या जवळ आहात म्हणून हे ठासून सांगतो. धरणाच्या खालच्या बाजूला पावसाळ्यात बसू नका. त्याला ४१ दरवाजे आहेत, आणि भुसावळात पाऊस नसतानाही वर मध्य प्रदेशात आणि पूर्णेच्या खोऱ्यात झालेल्या पावसाने ते उघडतात. वरच्या बाजूला गाळ आहे. वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जातो.

मुलाला पहिल्या दिवशी रील देऊ नका. आठ-नऊ फुटी बांबू, तेवढाच तंगूस, बाटलीचं बूच, १० नंबरचा गळ आणि अर्धं गांडूळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी निवळलं की काठाजवळ चिलापी (तिलापिया) मिळते. लाइफ जॅकेट पोहता येत असलं तरी घालायचं. गळ त्याला स्वतः सोडवू द्या. चिलापीच्या पाठीवरचे काटे उभे असतात, म्हणून ओला हात डोक्याकडून शेपटीकडे नेत ते आडवे करायचे आणि मग धरायचं. शिंगाळा लागला तर मात्र मध्ये पडा: पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन काटे असतात, जाड ओल्या फडक्याशिवाय हात लावू नका. टोचलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा, ठणका कमी होतो. काटा आत मोडला असेल तर सरळ दवाखाना गाठा.