अमेरिकेत हायस्कूलचा डिप्लोमा (शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) नसताना कम्युनिटी कॉलेजात (साधारण दोन वर्षांचे कोर्स देणाऱ्या स्थानिक कॉलेजात) वहिनींना नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करता येतो का?

हो, तुम्ही म्हणता त्या वॉशिंग्टन राज्यात करता येतो, आणि त्यासाठी आधी जीईडी (हायस्कूल डिप्लोमाच्या बरोबरीची परीक्षा) पास व्हायलाच हवं असं नाही. वहिनींची शाळा नववीत सुटली आणि इंग्रजी कच्चं आहे म्हणालात, तर त्यांच्यासाठी 'आय-बेस्ट' वर्ग बघा. २००४ मध्ये तिथल्या कम्युनिटी कॉलेजांनी हा प्रकार सुरू केला. एकाच वर्गात दोन शिक्षक: एक कामाचं शिकवणारा, दुसरा भाषा आणि गणिताचा. अशा एका वर्गात मी मदतनीस म्हणून बसले आहे. एक बाई रक्तदाब मोजायला शिकवतात आणि तोच आकडा चार्टवर कसा लिहायचा, नर्सला तोंडी कसा सांगायचा, हे दुसऱ्या तिथल्या तिथे करून घेतात. नुसतं व्याकरण घोकण्यापेक्षा हे कितीतरी पटीनं पक्कं बसतं.

कॉलेजात 'बेसिक एज्युकेशन फॉर ॲडल्ट्स' विभाग विचारा. ते आधी कासास नावाची वाचन-गणिताची चाचणी घेतात. तिच्यात नापास असं काही नसतं, फक्त पातळी ठरते. जोडीला 'हायस्कूल प्लस' हा प्रौढांसाठीचा हायस्कूल कार्यक्रम घेतला तर नोकरीतल्या अनुभवाचेही क्रेडिट धरून डिप्लोमा मिळतो.

फक्त व्हिसा कोणता ते बघा. अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक मदत नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि निर्वासितांसारख्या मोजक्या गटांनाच मिळते. एच-४ वर (एच-१बी सारख्या कामाच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असतील तर ती मिळणार नाही, आणि कोर्स झाला तरी वर्क परमिटशिवाय नोकरी करता येणार नाही.