एफ-२ दाबलं की आवाज कमी होतो, नाव काही बदलत नाही!

प्रश्न : ताई, माझं लग्नाच्या फोटोंचं काम आहे. जुन्या डेस्कटॉपवर एफ-२ दाबून पटापट फोटोंची नावं बदलायचो. नवीन लॅपटॉपवर तेच बटण दाबलं की आवाज कमी होतो. रिपेअरवाला म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल. मारू का?

उत्तर : दादा, अजिबात नको! कीबोर्डही चांगला आहे आणि विंडोजही. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या ओळीतली बटणं आधी आवाज, ब्राइटनेस अशी कामं करतात आणि एफ-२ हवं असेल तर सोबत एफएन (ज्यावर Fn लिहिलेलं असतं ते बटण) दाबून धरावं लागतं. एफएन आणि एफ-२ एकत्र दाबून बघा, नाव बदलायची चौकट उघडली तर रोग सापडला. मग कायमचं उलटं करायचं असेल तर एस्केपच्या बटणावर बारीक कुलुपाचं चित्र आहे का बघा, असेल तर एफएन आणि एस्केप एकदा दाबायचं, झालं काम. कुलूप नसेल तर लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन हॉटकी मोड किंवा अ‍ॅक्शन कीज असं काही दिसतं ते बंद करायचं, बाकी तिथे कशालाच हात लावू नका.

आणि एफएन दाबूनही काही होत नसेल तर कर्सर कुठे आहे ते बघा, कारण निम्म्या वेळा घोळ इथेच असतो. शॉर्टकट नेहमी जिथे आपण शेवटचं क्लिक केलंय तिथे लागू होतो. सर्चच्या चौकटीत कर्सर लुकलुकत असेल तर कंट्रोल-ए ने फोटो नाही, चौकटीतली अक्षरं सिलेक्ट होतात. डाव्या पट्टीत फोल्डरवर क्लिक असेल तर एफ-२ ने त्या फोल्डरचंच नाव बदलायला निघतं, हे जास्त धोक्याचं. म्हणून आधी फोटोवर एकदा क्लिक, मग बटण.

तुमच्या कामाची अजून एक गोष्ट सांगते. एका फोटोचं नाव लिहून झालं की एंटर न मारता टॅब दाबा, थेट पुढच्या फोटोचं नाव उघडतं, माउसला हात लावायची गरज नाही. सगळ्यांना एकच नाव द्यायचं असेल तर कंट्रोल-ए, एफ-२, ‘हळद’ लिहून एंटर, मग हळद (१), हळद (२) असे आकडे विंडोज स्वतः लावतं, फक्त इंग्रजी अंकात. नावात तारीख घालताना तिरकी रेघ चालत नाही, आडवी वापरा आणि वर्ष आधी लिहा, २०२४-१२-०५ असं, म्हणजे फोल्डर तारखेप्रमाणे ओळीत लागतात.

प्रश्न : बॅकस्पेस दाबल्यावर वरच्या फोल्डरमध्ये जायचं, आता भलतीकडेच जातं.

उत्तर : तुमचा हात जुन्या विंडोज एक्सपीवर बसलाय! आता बॅकस्पेसने आधी जिथे होतो तिथे मागे जातं. वरच्या फोल्डरसाठी ऑल्ट आणि वरचा बाण.

प्रश्न : बचत गटाच्या फाइलींची नावं मराठीत आहेत. इंग्रजी नावाच्या फाइलीचं पहिलं अक्षर दाबलं की ती लगेच सापडते, ‘पावती’ मात्र पी दाबून सापडत नाही.

उत्तर : ताई, कॉम्प्युटरला पी म्हणजे प हे कळत नाही, तो अक्षरच जुळवतो. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून कीबोर्ड मराठी करा, फाइलींच्या यादीत क्लिक करा आणि मग प दाबा. उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कीबोर्ड असेल आणि तसं जमलं नाही, तर कंट्रोल-एफ दाबून सर्चमध्ये ‘पावती’ लिहा.

प्रश्न : चुकून डिलीट झालेली फाइल कंट्रोल-झेडने परत आली, पण पेनड्राइव्हमधली आली नाही. असं का?

उत्तर : कॉम्प्युटरमधली फाइल डिलीट केली की आधी रिसायकल बिनमध्ये जाते, तिथून कंट्रोल-झेड तिला परत आणतं. पेनड्राइव्हमधली सहसा तिथे जातच नाही, आणि शिफ्ट-डिलीट मारलं तर कॉम्प्युटरमधलीही जात नाही. माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो मी असेच घालवलेत, अजून हळहळ वाटते. तुमची गेली असेल तर त्या पेनड्राइव्हवर आता नवीन काहीही कॉपी करू नका, तसाच काढून ठेवा आणि रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या, वर नवीन फाइल बसली की जुनी मिळणं फार अवघड.